आम्ही नाही का सोसलं?

आयुष्य बँकेत गेल्यामुळे असेल, कादंबरी वाचतानाही माझी नजर आधी आकड्यांवर जाते. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ (१८६२) या कादंबरीतला असाच एक हिशेब मला विसरता येत नाही. बहिणीच्या ७ लेकरांसाठी पाव चोरला म्हणून ज्याँ वाल्ज्याँला ५ वर्षांची शिक्षा होते. पळून जाण्याचे प्रयत्न फसतात आणि ५ची १९ वर्षे होतात. १८१५ साली तो सुटतो, तेव्हा सुट्ट्या आणि नाना कपाती वजा जाऊन हाती पडतात १०९ फ्रँक १५ सू. दुसऱ्या दिवशी तो एके ठिकाणी ओझी उतरवतो. इतरांना ३० सू रोज. याचा कैद्याचा पिवळा परवाना पाहून मालक १५ टेकवतो.

साने गुरुजींनी ही कथा ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. शाळकरी वयात ती वाचून मी रडलो होतो. वाल्ज्याँ म्हणजे देवमाणूस, एवढेच तेव्हा कळले. निवृत्तीनंतर मूळ कादंबरी इंग्रजीतून सावकाश वाचली आणि चमकलो. तुरुंगातून बाहेर येणारा वाल्ज्याँ देवमाणूस नव्हेच. ज्या बिशपने आसरा दिला, त्याचीच चांदीची भांडी तो पळवतो. पोलीस पकडून आणतात, तर बिशप म्हणतो, ही मीच दिलेली आहेत. आणि वर दोन चांदीच्या समया हाती ठेवतो. त्यानंतरही हा गृहस्थ एका पोराचे ४० सूंचे नाणे पायाखाली दाबून धरतो!

दुःखाने माणूस तावूनसुलाखून निघतो, असे आपण सहज म्हणतो. माझा अनुभव निराळा आहे. दुःखाने माणूस बहुधा निबर होतो.

१९८६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी मी शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. पाऊस दगा देऊन गेला होता. एक म्हातारे शेतकरी पीककर्जाला मुदतवाढ मागायला आले. मी वसतिगृहाच्या भटारखान्यात राबून शिकलेला. ताठ्यात म्हणालो, “बाबा, आम्हीही उपाशी दिवस काढलेत. पण कुणाचा पैसा थकवला नाही.” ते शांतपणे म्हणाले, “मग सायेब, तुमाला तर ठावंच हाय की.”

दुष्काळात अशा कर्जाचे हप्ते पाडून देण्याची सोय तेव्हाही होती. माझे एक टिपण वर जायला हवे होते. मी ते केले नाही. नोटीस गेली.

‘आम्ही नाही का सोसलं?’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. सासू सुनेला म्हणते, जुना कारकून नव्याला म्हणतो. स्वतः सोसलेले आपण दुसऱ्याच्या नावे टाकतो आणि त्याला शिस्त म्हणतो.

वाल्ज्याँ मोठा वाटतो तो इथे. पुढे नाव बदलून तो कारखानदार होतो, नगराध्यक्ष होतो. एके दिवशी कळते की आर्रासच्या कोर्टात एका भलत्याच म्हाताऱ्याला वाल्ज्याँ समजून जन्मठेपेला धाडणार आहेत. गप्प बसले की जुने खाते कायमचे बंद! रात्रभर तो स्वतःशी भांडतो. वाटेत गाडीचे चाक मोडते, तेव्हा त्याला सुटल्यासारखेही वाटते. तरी तो जातो आणि भर कोर्टात सांगतो, वाल्ज्याँ मी आहे. साखळदंड काय असतो हे त्याला ठाऊक असते, म्हणूनच तो ते दुसऱ्याच्या पायात पाहू शकत नाही. १८३२च्या बंडात जन्मभर मागावर असलेला जाव्हेर त्याच्या तावडीत सापडतो, त्यालाही तो सोडून देतो.

म्हणून दुःखाची आरती ओवाळू नये. सोशिकपणाचे कौतुक करून आपण कित्येक बायकांना आणि गरिबांना सोसतच ठेवले आहे. पावासाठी १९ वर्षे घेणाऱ्या कायद्यावर ह्यूगोचाही राग आहेच. वाल्ज्याँचे भलेपण हे दुःखाचे देणे नव्हे. बिशपच्या त्या एका रात्रीचे कर्ज तो जन्मभर फेडत राहतो. शेवटच्या घटकेला उशाशी त्याच समया तेवत असतात.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला रागाने काही म्हटले असते, तर मी केव्हाच विसरलो असतो. ‘तुमाला तर ठावंच हाय’ असे म्हणून त्याने मलाच थोर ठरवले होते. ते नाणे अजून माझ्या पायाखाली आहे.