रुसलेलीं कासवें

खर्ड्याहून एका भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांच्या धाकट्या दिरांनीं दिवाळींत पुण्याच्या बाजारांतून मुलांसाठीं लाल कानांच्या कासवांचीं दोन पिलें आणलीं. प्रथम तीं बरीं खात होतीं; पण मार्गशीर्षाची थंडी पडल्यापासून त्यांनीं अन्नास तोंड लावलेलें नाहीं. वरणभात झाला, पोळीचा कुसकरा झाला, दूधहि झालें. सासूबाई म्हणतात, 'कूर्मावताराचा जीव घरांत उपाशी ठेवूं नये, आडांत सोडा.' मुलें रडतात. 'आम्हीं काय करावें?' असें बाईंनीं विचारलें आहे. प्रश्न दोन मुक्या जिवांच्या प्राणाचा आहे, म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देतों.

हीं पिलें रुसलेलीं नसून बहुधा गारठलेलीं आहेत. आपल्या देहांत स्वतःची ऊब असते; कासवास ती बाहेरून घ्यावी लागते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतील थंडीनें पाणी गार झालें, कीं त्याचें पचन मंदावतें आणि भूक मरते. अशा वेळीं बळेंच घास भरविला, तर तो पोटांत कुजतो. म्हणून आधीं ऊब आणि मग अन्न, हा क्रम कधींहि मोडूं नये.

पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस राहील अशी व्यवस्था करावी. पाण्याबाहेर चढून अंग कोरडें करतां येईल असा एक दगड ठेवावा व त्यावर दिव्याची ऊब द्यावी. रोज सकाळीं अर्धा तास कोंवळें ऊन दाखवावें. मात्र तें खिडकीच्या कांचेंतून नको, कारण हाडें व कवच बळकट करणारे किरण कांच अडविते. टोपलें अर्धें सावलींत असावें आणि कावळ्यामांजरांपासून राखण करण्यास कोणी जवळ बसावें. पाणी वरचेवर बदलावें. घाण पाण्यांत कासव खात नाहीं.

आतां अन्न. या जातीचें कासव पाण्यांतच घास गिळूं शकतें, म्हणून अन्न पाण्यांत टाकावें. लहानपणीं त्याचा आहार मुख्यतः किडे, गांडुळें, लहान मासे यांचा असतो. पालेभाजी तें वाढत्या वयांत अधिक खाऊं लागतें. दूध त्यास पचत नाहीं. वरणभातानें व पोळीनें त्याचें पोषण होत नाहीं. बाजारांत कासवांसाठीं मिळणाऱ्या कोरड्या गोळ्यांतहि बहुधा मासळीची पूड असते. शाकाहारी घरास हें अवघड वाटेल, हें आम्ही जाणतों. पण आपलें व्रत त्या पिलांवर लादणें हा धर्म नव्हे. गांडूळ चिमट्यानें पाण्यांत हलवून दाखवावें. हालचाल दिसली, कीं भूक जागी होते.

चार-पांच दिवस ऊब मिळूनहि तीं खाईनात, किंवा डोळे सुजले, नाकातोंडांतून बुडबुडे आले, पोहतांना अंग एका बाजूस कलूं लागलें, तर घरगुती उपाय न करतां पशुवैद्याकडे न्यावें.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात. याच कारणास्तव अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी झाली. टोपलें स्वयंपाकघरांत धुऊं नये. मुलांनीं कासव हाताळल्यावर साबणानें हात धुवावेत. सोंवळें पाळणाऱ्या घरास हें सांगणें जड जाऊं नये.

सासूबाईंची दया खरी; पण आडांत सोडणें हा तिचा मार्ग नव्हे. ही जात मूळची अमेरिकेंतली असून, जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जातींच्या यादींत तिचें नांव आहे. ती आपल्या देशी कासवांचें अन्न व जागा बळकावते. उलट, शेतांत एखादें चांदण्यांच्या नक्षीचें देशी कासव सांपडल्यास तें घरीं ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. तें वनखात्याच्या स्वाधीन करावें.

शेवटीं दिरांसहि एक विनंती. नाण्याएवढें दिसणारें हें पिलूं ताटलीएवढें होतें आणि वीस-तीस वर्षें जगतें. आज रडणारीं मुलें तोंवर शिकून परगांवीं गेलेलीं असतील. मग त्याचें पाणी कोण बदलील, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून आजच ठरवावें. पिलांनीं पहिला घास घेतला, कीं भगिनींनीं आम्हांस अवश्य कळवावें.