माप कुणाचं?



या अंकाच्या संपादकीयासाठी विषय शोधावा लागला नाही. चैत्रात जिवतीला गेले होते. तिथे तो एका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आला.

चंद्रपूर जिल्ह्यातलं जिवती हे माणिकगड पहाडावरचं तालुक्याचं गाव. भोवताली गोंड-कोलामांचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे, मराठवाड्यातून येऊन वसलेल्यांच्या वस्त्या. शेती कापसाची आणि तुरीची. आमची बैठक संपल्यावर विशीतली एक बाई मागे थांबली. पिशवीतून तिने सोनोग्राफीचा कागद काढला आणि हळूच म्हणाली, "ताई, लेकरू बारीक आहे म्हणते. माझं काय चुकलं जी?"

कागद सगळा इंग्रजीत. त्यावर दिवस ३२ आठवड्यांचे, बाळाचं अंदाजे वजन १,५५० ग्रॅम आणि खाली शेरा : वाढ कमी. तपासताना कुणी तिच्याशी दोन शब्द बोललं नव्हतं. घरी मग ज्याने त्याने आपला अर्थ लावला. सासू म्हणाली, सून नीट खात नाही. नवरा म्हणाला, मोहफुलं वेचायला पहाटे जातेस, म्हणून. शेजारीण म्हणाली, बरंच झालं, बारीक लेकरू सुखानं सुटतं. आकडा बाळाचा होता, पण दोषाचं माप सगळ्यांनी मिळून बाईच्याच पदरात घातलं होतं. आठ दिवस तिला धड झोप नव्हती.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या गटातल्या डॉक्टर मैत्रिणीकडून हा कागद वाचायला शिकले. ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं, कारण असे कागद आता गावोगावी पोचले आहेत आणि त्यांचा अर्थ मात्र पोचलेला नाही.

पहिली गोष्ट अशी की पोटातलं बाळ कुणी तराजूत घालत नाही. यंत्रावर डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. ही मापं सूत्रात घालून वजन काढतात. बहुतेक ठिकाणी वापरतात ते सूत्र अमेरिकेतल्या हॅडलॉक या डॉक्टरांनी १९८५ साली मांडलेलं. ते उपयोगी आहे, पण तो अंदाज आहे. खरं वजन त्याच्या पंधरा टक्के वर किंवा खाली असू शकतं. म्हणजे १,५५० ग्रॅमचं बाळ प्रत्यक्षात १,३२० ग्रॅमचंही असेल किंवा १,७८० चंही.

दुसरी गोष्ट दिवसांची. मी तिला विचारलं, पाळी शेवटची कधी आली होती? म्हणाली, पोळ्याला. मग थांबून म्हणाली, नाही, गणपती शिरवले तेव्हा असेल. आता पोळ्याची अमावस्या आणि अनंत चतुर्दशी यांत चौदा दिवसांचं अंतर. पोळ्यापासून मोजलं तर ३२ आठवडे होतात, आणि त्या वेळी १,५५० ग्रॅम म्हणजे काळजीचं वजन. गणपतीपासून मोजलं तर होतात ३० आठवडे, आणि तेव्हा हेच वजन अगदी सरासरीइतकं! पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असती तर दिवस आठवड्याभराच्या फरकाने पक्के झाले असते. तिची ही पहिलीच होती, आठव्या महिन्यातली. इतक्या उशिरा बाळ लहान की दिवस चुकले, हे एका तपासणीत कुणालाही ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माप घ्यावं लागतं. महत्त्व एका आकड्याला नसतं, वाढीच्या रेघेला असतं.

तिसरी गोष्ट. शंभर निरोगी बाळं वजनाप्रमाणे ओळीने लावली, तरी शेवटची दहा शेवटीच राहणार. त्यांतली काही आईबापांसारखी अंगाने लहान, पण धडधाकट असतात. काहींना मात्र वारेतून पुरेसं पोषण खरोखरच पोचत नसतं, आणि ती पोटात दगावूही शकतात. म्हणून 'यंत्राचं काय खरं' म्हणून कागद खुंटीला अडकवून ठेवणंही चुकीचं. बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्या-हातांवर सूज आली, अंगावरून रक्त वा पाणी गेलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्त्री चळवळीला हे यंत्र परकं नाही. मुलगी नको म्हणून त्याचा वापर सुरू झाला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तरी अंमलबजावणी होईना, म्हणून २००० साली 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तो लढा योग्यच होता आणि संपलेलाही नाही. पण कायदा मनाई करतो ती लिंग सांगायला. बाळाची वाढ, पाणी, वार, रक्तप्रवाह यांची माहिती बाईला तिच्या भाषेत द्यायला कुठलाही कायदा आड येत नाही. शरीर तिचं, कागद तिचा, मग अर्थ तेवढा दुसऱ्यांचा का?

आणखी एक मुद्दा. 'आपल्याकडची बाळं लहानच असतात' असं सहज म्हटलं जातं. पोटातल्या बाळाच्या वाढीची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी २०१४ साली प्रसिद्ध झाली. इंटरग्रोथ-२१ या अभ्यासात आठ देशांतल्या सुमारे ४,६०० गरोदर बायकांची मापं घेतली होती. त्यांत भारतातलं ठिकाण होतं आपल्याच विदर्भातलं नागपूर. निवड केली होती ती निरोगी, पोटभर खाणाऱ्या, दिवस पक्के ठाऊक असलेल्या आणि वेळेवर तपासणी होणाऱ्या बायकांची. त्यांच्या बाळांची वाढ ऑक्सफर्ड, नैरोबी किंवा बीजिंगच्या बाळांशी पुष्कळ जुळली. पुढे २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात देशादेशांत काही फरक दिसले, त्यामुळे तज्ज्ञांत वाद आहे. पण एवढं नक्की की नागपूरच्या त्या बायकांना जे मिळालं, ते पहाडावरच्या बाईला मिळत नाही. बाळाच्या वजनातली सगळी तूट रक्ताच्या किंवा जातीच्या नावावर खपवता येणार नाही.

शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये गावांत जन्मलेल्या बाळांची वजनं केली, तेव्हा शंभरातली ४२ बाळं अडीच किलोच्या आत होती. त्या गावांत बाळं सांभाळली ती थोडंफार शिकलेल्या गावच्याच बायकांनी. हातात साधा वजनकाटा आणि पाठीशी प्रशिक्षण. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. माप घेणारी बाई त्या घरची भाषा बोलणारी होती, आणि माप घेऊन ती निघून जात नव्हती.

शेजारणीचं बोलणंही मला हसण्यावारी नेता येत नाही. पोटात बाळ मोठं झालं आणि बाळंतपण अडलं, तर घाट उतरून गडचांदूर, तिथून राजुरा, मग वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर. एवढी वाट समोर असली की बाई दोन घास कमीच खाणार. तिचा घास अज्ञानाने जेवढा कमी होतो, तेवढाच तो या रस्त्यानेही कमी होतो. त्यात महाराष्ट्र आणि तेलंगण ज्यांच्यावर हक्क सांगतात ती सीमेवरची १४ गावं याच तालुक्यातली. एक तपासणी इकडे आणि दुसरी तिकडे झाली, तर वाढीची रेघ जोडायची कुणी?

तीन आठवड्यांनी त्या बाईची पुन्हा तपासणी झाली. वजन निघालं २,०५० ग्रॅम. रेघ नीट चढत होती. दिवसच चुकले होते. आमच्या डॉक्टर मैत्रिणीने मग सहज तिचं कार्ड मागितलं. हिमोग्लोबिनची जागा रिकामी! रक्त तपासलं तर भरलं ८.२, निदान ११ हवं तिथे. कापूस वेचताना दम लागतो, असं ती कधीपासून घरात सांगत होती. पोटातल्या लेकराचं डोकं, पोट, मांडी सगळं मिलिमीटरमध्ये मोजून झालं होतं, आणि ज्या बाईच्या रक्तावर ते वाढत होतं तिचं रक्त कुणी मोजलंच नव्हतं.

म्हणून आपली मागणी निव्वळ आणखी यंत्रांची नाही. पहिली सोनोग्राफी तिसऱ्या महिन्याच्या आत व्हावी. २०११ पासून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या आणि वाहन मोफत आहे, ते पहाडावर प्रत्यक्षात मिळावं. हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि आपल्या भागात सिकलसेल तपासल्याशिवाय बाळाच्या वजनावर शेरा मारला जाऊ नये. अमृत आहाराचं अंगणवाडीतलं ताट रोज आणि पूर्ण वाढलं जावं. आणि कागद हातात देणाऱ्याने चार प्रश्नांची उत्तरं बाईला तिच्या भाषेत द्यावीत : दिवस कशावरून धरले? मागच्यापेक्षा वाढ किती? पाणी आणि रक्तप्रवाह ठीक आहे का? पुन्हा कधी यायचं?

हे चार प्रश्न गटाच्या पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा, पाठ करा. कुणाच्या पिशवीत असा कागद असेल तर तो सगळ्याजणी मिळून उलगडा. काय सापडलं ते आम्हाला कळवा. आणि "माझं काय चुकलं?" असं एखादी विचारू लागली, तर आधी तिला बसवा, पाणी द्या, आणि विचारा : बाई, आज तू काय जेवलीस?