वसईचा पूर आणि महासभेचे कर्तव्य

पावसाची वाट पाहणाऱ्या मुलखास पावसाची धास्ती घेण्याची पाळी यावी, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नाही. वसईच्या पश्चिमपट्टीत केळी, पानवेली आणि फुले पिकविणाऱ्या बागायतदारास, किंवा पूर्वेच्या खाचरांत भात लावणाऱ्या शेतकऱ्यास, आषाढातली संततधार म्हणजे वर्षाची बेगमी वाटे. आज त्याच वसई-विरारच्या तळमजल्यावर राहणारा कारकून, शिक्षक वा लहान दुकानदार आकाश काळवंडले की प्रथम गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवितो आणि भरतीची वेळ पाहतो. पाऊस तोच आहे. बदलली आहे ती जमीन, आणि त्या जमिनीवर देखरेख ठेवण्याची ज्यांची जबाबदारी होती त्यांची वृत्ती.

जुलै २०१८ ची आठवण अद्याप ताजी आहे. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याच्या गाडीतील उतारूंना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी होड्यांतून बाहेर काढले, मिठागरांतील वस्ती पाण्याने वेढली गेली आणि अनेक भाग दिवसेंदिवस अंधारात राहिले. त्या वेळी ‘अभूतपूर्व अतिवृष्टी’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी होता. पुढील वर्षांतही पाणी भरतच राहिले आणि ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात तेच रस्ते पुन्हा बुडाले. जी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते तिला अभूतपूर्व म्हणता येत नाही. तिचा हिशेब आधी मांडता येतो, आणि जिचा हिशेब मांडता येतो तिची तयारी न करणे हा निसर्गाचा अपराध नव्हे.

हा हिशेब फारसा अवघड नाही. भूगोलाचे पुस्तक हाती घेतलेल्या कोणाही विद्यार्थ्यास तो समजावा. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हासच्या मुखाची वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, अशा चौकटीत हा सखल प्रदेश वसला आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी पश्चिमेकडे खाडीत जाऊ पाहते. त्याच्या वाटेत आडवे पडले आहेत ते मुंबई-अहमदाबाद महामार्गाचे आणि रेल्वेचे भराव. या भरावांखालच्या मोऱ्या जेवढे पाणी सोडतील तेवढेच पुढे जाते, उरलेले मागे तुंबते. पुढे गेलेल्या पाण्यासही उधाणाची भरती असेल तर खाडी घेत नाही. अशा वेळी काही तास पाणी कोठे तरी थांबवून ठेवावेच लागते. पूर्वी ते थांबे भातखाचरांत, मिठागरांत, खाजणांत आणि वसईकरांच्या पूर्वजांनी घराघराशेजारी खणून ठेवलेल्या बावखलांत. बावखल हे केवळ शिंपण्याचे साधन नव्हते. पावसाचे गोडे पाणी ते धरून ठेवी, विहिरींस पाझर देई आणि खाऱ्या पाण्यास आत येऊ देत नसे.

आता एक साधे गणित करावे. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर २०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे २० कोटी लिटर पाणी आले. एक हेक्टर सखल जागा एक मीटर खोलीपर्यंत पाणी धरीत असेल, तर तिच्यात एक कोटी लिटर पाणी मावते. ती जागा भराव घालून बुजविली, की ते एक कोटी लिटर पाणी नाहीसे होत नाही, ते शेजारच्या तळमजल्यावर जाते. भराव घालणारा विकासक सदनिका विकून मोकळा होतो आणि त्याने हुसकून लावलेले पाणी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या घरात राहावयास येते. नालेसफाईवर दर वर्षी होणारा खर्च या गणितापुढे अपुरा पडतो तो याच कारणाने. नाला कितीही साफ केला तरी भरतीच्या वेळी तो खाडीहून खाली वाहू शकत नाही. शिवाय उपसलेला गाळ काठावरच रचून ठेवला, तर पहिल्याच सरीत तो परत नाल्यात उतरतो, हे पाहण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही.

ही गोष्ट महानगरपालिकेस ठाऊक नाही असे मात्र नाही. २०१८ च्या पुरानंतर तिनेच मुंबईची आयआयटी आणि नीरी या संस्थांकडे सत्यशोधनाचे काम सोपविले. पाणी साठविण्यासाठी धारण तलाव असावेत, ही त्यांच्या शिफारशींतील प्रमुख शिफारस होय. देशातील नामांकित तज्ज्ञांनी निदान केले, औषधही लिहून दिले. प्रश्न एवढाच उरतो की, ती चिठ्ठी घेऊन रोगी औषधाच्या दुकानापर्यंत गेला काय? कोणती शिफारस कोणत्या वर्षी अमलात आली, कोणती सोडून दिली आणि ती का सोडली, यांचा ताळेबंद नागरिकांपुढे ठेवण्याचे बंधन कोणी कोणावर घातले? येथेच आम्ही आजच्या मूळ मुद्द्याकडे येतो.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी ही महानगरपालिका जन्मास आली. २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती आणि त्यानंतर ती किती फुगली आहे ते विरारच्या लोकलमध्ये उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. इतक्या मोठ्या शहराच्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत साडेपाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटनेचे कलम २४३-यू बजावते, तरीही राज्यभर हे घडले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयास दटावावे लागले.

या साडेपाच वर्षांत काय काय घडले ते आठवावे. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागून किमान तेरा रुग्ण प्राणास मुकले. जुलै २०२२ मध्ये वसई पूर्वेच्या वाघरळपाड्यात दरड कोसळून दोघांचा बळी गेला. २०२५ च्या आरंभी नालासोपारा पूर्वेस मलनिस्सारण प्रकल्पासाठी राखलेल्या जागेवरील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या आणि हजारो माणसे उघड्यावर आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस, गणेशचतुर्थीच्या ऐन तोंडावर, विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि सतरा जीव ढिगाऱ्याखाली गेले.

सभागृह असते तर हे सारे टळले असते, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. त्यांतील बेकायदा इमारती उभ्या राहिल्या त्या लोकनियुक्त सदस्यांच्या डोळ्यांदेखत. बुजलेल्या बावखलांची आणि खाजणांवरील भरावांची जबाबदारी एकट्या प्रशासकांच्या माथी मारणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. हरित वसईची हाक ज्या दिवसांत देण्यात आली तेव्हा इथे महानगरपालिकाही नव्हती, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी दिलेला इशारा त्या काळच्या राज्यकर्त्यांनीही कानाआड केला. आमचे म्हणणे एवढेच आहे की, सभागृह नसताना निदान प्रश्न विचारण्याची हक्काची जागा उरली नव्हती. आता ती जागा परत मिळाली आहे. तिचा उपयोग कसा होतो यावर नव्या ११५ सदस्यांची परीक्षा आहे, आणि २०२६ चा पावसाळा हा त्यांचा पहिला पेपर होय.

कायदा या बाबतीत मुका नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४१ अन्वये आपल्या अधिकाऱ्यांस व कर्मचाऱ्यांस प्रशिक्षण देणे, साधनसामग्री सज्ज ठेवणे आणि आपल्या क्षेत्रातील बांधकामे ठरलेल्या मानकांनुसार होत आहेत हे पाहणे, ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्य शासनास दिली. त्याचे अध्यक्ष आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. व्यवस्था सोयीची खरी, पण तीत योजना आखणारा, ती राबविणारा आणि तिचे यश मोजणारा एकच अधिकारी असण्याचा धोका आहे. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावयाची मुभा कोणत्याही विद्यार्थ्यास देत नाहीत, मग तो कितीही हुशार असो. म्हणूनच महासभेची देखरेख येथे अनाठायी ढवळाढवळ ठरत नाही. ती तपासनिसाची जागा आहे. महासभा महिन्यातून किमान एकदा भरलीच पाहिजे असे कायदा सांगतो, प्रभाग समित्यांची तरतूदही आहे. संधी नाही अशी सबब चालणार नाही.

मग महासभेने करावे काय? पहिली गोष्ट, आयआयटी व नीरी यांच्या अहवालातील प्रत्येक शिफारशीपुढे ‘झाले’, ‘चालू’ किंवा ‘नाही’ असा शेरा आणि तारीख लिहून तो तक्ता मराठीत प्रसिद्ध करावयास आयुक्तांस भाग पाडावे. दुसरी, रेल्वे आणि महामार्ग यांच्याखालील प्रत्येक मोरीची रुंदी, तळाची पातळी आणि मालक कोण, याची नोंद करून त्या खात्यांच्या अधिकाऱ्यांस एप्रिलातच सभेपुढे बोलवावे. पाणी तुंबल्यावर एकमेकांकडे बोट दाखविण्याचा खेळ त्याने आपोआप थांबेल. तिसरी, उरलेल्या प्रत्येक बावखलाचे, तळ्याचे व मिठागराचे मोजमाप करून ते नकाशावर चढवावे, आणि त्यावर भराव पडला तर संबंधित प्रभागाच्या अधिकाऱ्यास जबाब द्यावयास लावावा. चौथी, नालेसफाईचे देयक मंजूर होण्यापूर्वी त्या त्या वस्तीतील रहिवाशांनी प्रत्यक्ष पाहणी करावी. पाचवी, धोकादायक इमारतींची यादी आणि रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी पावसाळ्यापूर्वी सभेपुढे यावी. घर सोडावे लागणाऱ्यांस तात्पुरता निवारा कोठे, याचे उत्तर त्याच यादीत असावे. निवारा न देता दिलेली नोटीस हा केवळ कागद असतो, माणूस त्याच मोडक्या छपराखाली निजतो.

पाण्याशी झुंजणे आणि लोकशाही यांचे नाते नवे नाही. ज्याचा काही भाग समुद्रसपाटीखाली आहे अशा नेदरलँड्समध्ये बांध व कालवे सांभाळणारी जलमंडळे मध्ययुगापासून चालत आली आहेत, आणि त्यांच्या सदस्यांची निवड मतदार करतात. तरीही १९५३ च्या फेब्रुवारीत बांध फुटून तेथे अठराशेंहून अधिक माणसे बुडाली. त्या राष्ट्राने दुर्दैवास दोष देऊन स्वस्थ न बसता पुढील काही दशके समुद्रद्वारे बांधण्यात घालविली. आपल्या कोकणातही खारभूमीचे बांध आणि त्यांची उघाडी गावकरी एकजुटीने राखीत आले आहेत. वर्गणी, श्रमदान आणि पाळी ठरवून देणारी ती गावकी पाणी कोणाच्या शेतातून जावे हे चव्हाट्यावर ठरवी. महासभेकडून आम्ही याहून अधिक काही मागत नाही.

जाता जाता दोन शब्द आमच्या वाचकांसही सांगितले पाहिजेत. स्वस्त मिळते म्हणून परवानगी न पाहता घर घेणारे, आपल्या सोसायटीच्या आवारात सिमेंट ओतून पाण्याची वाट शेजाऱ्याकडे वळविणारे आणि मतदानाच्या दिवशी सहलीस जाणारे आम्हा सुशिक्षितांतच पुष्कळ आहेत. रमाबाई अपार्टमेंटमध्ये राहणारी माणसेही घामाच्या पैशातून घर घेऊनच तेथे आली होती. त्यांची फसवणूक झाली, तशी ती कोणाचीही होऊ शकते. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास वा नगरसेविकेस चार पाऊसमाना आधी चार नेमके प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नये. आभाळ कधी फाटेल ते सांगणे कोणाच्याच हाती नाही, पण फाटलेल्या आभाळाचे पाणी कोठे जाईल हे आधी ठरविणे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. ते ठरविण्यासाठीच वसई-विरारकरांनी साडेपाच वर्षांच्या खंडानंतर हे सभागृह निवडून दिले आहे, याचे स्मरण प्रत्येक सदस्याने ठेवावे.