दरवाजा वेगळा, बालेकिल्ला वेगळा

मागच्या रविवारी तिकोणा करून आलो. उतरल्यावर तिकोणा पेठेत ज्यांच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली, त्या मामांनी मी कॉम्प्युटरवाला आहे हे कळताच मोबाईल पुढे केला. "व्हायरस आलाय म्हणतंय, बघा जरा." व्हायरस वगैरे काही नव्हता, कुठल्याशा साइटची फसवी जाहिरात होती. पण सेटिंग्ज उघडल्या आणि पोटात गोळाच आला. सिस्टीमचं शेवटचं अपडेट तीन वर्षांपूर्वीचं! आणि ह्याच फोनवर सातबारा, बँक, गॅसचं बुकिंग... सगळं.

एक गोष्ट मात्र बरी होती. ब्राउझर ताजा होता. कारण अँड्रॉइडवर क्रोम हे वेगळं ॲप आहे, प्ले स्टोअरमधून अपडेट होतं. फोन बनवणारी कंपनी झोपली तरी त्याचं अडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ब्राउझर ऑपरेटिंग सिस्टीमपासून वेगळाच असला पाहिजे. दिवसभर परक्यांचा कोड घरात घेऊन चालवणारा हा प्रोग्रॅम. त्याला भोकं पडणारच. प्रश्न दोनच, भोक किती लवकर बुजवता येतं आणि चोर आत आला तर कुठपर्यंत पोचतो.

मायक्रोसॉफ्टने उलटं केलं. १९९८ च्या विंडोज ९८ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर सिस्टीममध्ये असा मुरवला, की तो काढता येत नाही असं कंपनी कोर्टात सांगत होती. ही सोय गिऱ्हाइकाची नव्हती, नेटस्केपला संपवण्याची होती. किंमत कोणी मोजली? २००४ च्या जूनमध्ये नुसतं पान उघडलं तरी मशीनमध्ये घुसखोरी होऊ लागली, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा संस्थेने सुचवलेल्या उपायांत 'दुसरा ब्राउझर वापरा' हाही एक होता!

आपण मराठी लोक तर दुहेरी अडकलो होतो. युनिकोड रुळण्याआधी कितीतरी मराठी साइट्स डायनॅमिक फाँटवर चालायच्या, आणि त्यातले बरेचसे फक्त एक्स्प्लोररमध्येच दिसायचे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच बातमी म्हणजे नुसती अगम्य अक्षरं. मराठी वाचायचंय? मग भोकं पडलेलाच ब्राउझर वापरा.

आता एक्सपीचा हिशोब बघा. २०११ मध्ये एक्स्प्लोरर ९ आला, पण एक्सपीवर चालेना. एक्सपीवाले ८ वरच अडकले. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा हात सोडला. वेगळं असलेलं क्रोम मात्र एक्सपीला २०१६ पर्यंत अपडेट देत राहिलं आणि फायरफॉक्स २०१८ पर्यंत. मशीन तेच, मालक तोच! सिस्टीमची भोकं त्याने बुजत नाहीत, मान्य. पण निदान वेशीवरचा पहारा तरी जागा राहतो.

कोणी म्हणेल, जुनी मढी कशाला उकरतोस? मढं मेलंय कुठे! एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. तरी जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टला एक भोक बुजवावं लागलं, ज्यात साध्या शॉर्टकट फाइलवर क्लिक केलं की विंडोज १० आणि ११ वरसुद्धा हाच निवृत्त एक्स्प्लोरर उघडायचा. सिस्टीममध्ये मुरवलेली गोष्ट अशी सहजासहजी निघत नाही.

आणि आयफोनवाल्यांनी हसू नये. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आतलं इंजिन ॲपलचंच. ते दुरुस्त व्हायचं तर सहसा आयओएसच्या अपडेटचीच वाट बघायची. युरोपात २०२४ मध्ये कायद्याने ही सक्ती सैल करायला लावली. सुरक्षेचं कारण पुढे करायचं आणि दुकान सांभाळायचं, हा खेळ जुनाच आहे.

तिकोण्यावर वेताळ दरवाजातून आत शिरलात म्हणजे गड पडला असं होत नाही. पुढे दम काढणाऱ्या उभ्या पायऱ्या आणि बालेकिल्ल्याचा वेगळा दरवाजा आहे. गड बांधणाऱ्यांना जे कळलं होतं ते क्रोमने २००८ मध्ये केलं. प्रत्येक पानाला शक्यतो वेगळ्या खोलीत कोंडायचं, सिस्टीमला हात लावू द्यायचा नाही.

मामांना निघताना सांगितलं, "सिस्टीमचं अपडेट आता यायचं नाही, पण क्रोमचं आलं की लगेच घ्या. आणि व्हायरस आलाय म्हणणाऱ्यावर क्लिक करू नका." नवा फोन घ्या म्हणायला जीभ रेटली नाही. तो त्यांच्या किती थाळ्यांचा होतो, हे मला माहीत आहे.