चांदीचे पाणी आणि मिलीअँपिअरचा हिशोब

एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांचे सासरे ७४ वर्षांचे, निवृत्त विद्युत तंत्रज्ञ. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, शुद्ध चांदीच्या दोन तारा आणि ऊर्ध्वपातित पाणी घेऊन ते घरीच ‘कलॉइडल सिल्व्हर’, म्हणजे चांदीचे कलिल पाणी, तयार करतात व रोज अर्धा पेला घेतात. ‘तारांवरील धारा-घनता किती ठेवली असता हे पाणी निर्धोक होईल, असे मामंजींनी विचारावयास सांगितले आहे.’

प्रश्न अभ्यासू माणसाचा आहे. म्हणून उत्तरही हिशोबानेच देतो. विद्युतधारेला तारेच्या बुडालेल्या पृष्ठभागाने भागले की धारा-घनता मिळते. दोन मिलिमीटर जाडीची तार दहा सेंटिमीटर बुडाली, तर पृष्ठभाग सुमारे सव्वासहा चौरस सेंटिमीटर भरतो. एक मिलीअँपिअर धारा असता दर चौरस सेंटिमीटरला ०.१६ मिलीअँपिअर झाले. घनता वाढली की धनाग्रापाशी चांदीचे आयन दाटतात, कण मोठे होतात, पाण्यात काळपट गाळ दिसू लागतो. ती कमी ठेवली की पाणी नितळ राहते. तिचा अधिकार एवढाच.

पाण्यात चांदी किती उतरेल, हे घनता ठरवीत नाही. फॅरडेच्या नियमानुसार ते धारा आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरते. एक मिलीअँपिअर धारा एक तास वाहिली, तर धनाग्रावरून सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. तार जाड असो वा बारीक. काही ऋणाग्रावर बसते, उरलेली पाण्यात राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभराच्या सेवनासाठी मानलेली मर्यादा आहे दर किलो वजनामागे दिवसाला ०.००५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम! त्या एका तासातील निम्मी चांदी जरी पोटात गेली, तरी मर्यादेच्या सहापटींहून अधिक झाली. शिवाय ही मर्यादा अपाय टाळण्यापुरती आहे. तेवढ्याने काही गुण येतो, असा तिचा अर्थ नव्हे. पोटात घेण्याचे औषध म्हणून कलिल चांदी सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच दिला.

त्याच वर्षी मोंटाना राज्यातील राजकारणी स्टॅन जोन्स यांनी घरी असे पाणी करून घेण्यास आरंभ केला. २००० साल उजाडताच संगणक कोलमडतील व प्रतिजैविके मिळेनाशी होतील, ही त्यांची धास्ती. २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा त्यांची त्वचा निळसर करडी झालेली होती. हा विकार ‘आर्जिरिया’. त्वचेत साठलेली चांदी जुन्या छायाचित्राच्या फितीप्रमाणे उजेडात काळवंडते, आणि सेवन थांबवले तरी रंग सहसा परतत नाही.

आपल्याकडे बाळाला चांदीच्या वाटी-चमच्याने भरवतात, त्यामुळे या धातूची भीती वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे. भाजलेल्या जखमेवर चांदीयुक्त मलम डॉक्टरही देतात. पण ते वरून लावण्यासाठी आणि ठरावीक दिवसांपुरते.

तेव्हा, भगिनी, घनतेचा आकडा मी देत नाही. पाणी आजच थांबवावे. मामंजी थायरॉइडची गोळी किंवा एखादे प्रतिजैविक घेत असतील, तर डॉक्टरांना या पाण्याविषयी अवश्य सांगावे; चांदीमुळे अशी काही औषधे नीट शोषली जात नाहीत. हिरड्या व नखांची मुळे दिवसाच्या उजेडात पाहावीत. तेथे करडी झाक दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि जाताना किती महिने, रोज किती पेले, हे कागदावर लिहून न्यावे. तो हिशोब मामंजी स्वतःच उत्तम मांडतील.