शेणातून धागा: जालन्यात हे जमेल का?

शेणापासून धागा! मे 2025 मधली ही बातमी तुमच्याही फोनवर आली असेल. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या प्रा. मोहन एदिरिसिंघे यांच्या टीमने शेणातलं सेल्युलोज वेगळं करून त्याचे धागे बनवले.

सेल्युलोज म्हणजे झाडांच्या पेशीभिंतीतला पॉलिमर. कापूस जवळपास तोच. आमच्या जालन्यात जनावरं कडबा खातात, पण त्यातलं सगळं सेल्युलोज पचत नाही. उरलेलं शेणात येतं.

ते काढायचं कसं? शेण धुवायचं, अल्कलीने लिग्निन सोडवायचं, ब्लीच करायचं. मग सेल्युलोजचं द्रावण फिरत्या भांड्यातून दाबाने पाण्यात सोडलं की धागे तयार.

खरी अडचण इथंच आहे. प्रत्येक टप्प्यावर धुवायला पाणी लागतं, आणि रसायनांचं ते पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. 2012-13 च्या दुष्काळात आपल्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, हे विसरून चालणार नाही.

दुसरं, शेण म्हणजे फुकटचा कचरा नव्हे, ते आपलं शेणखत आहे. मला वाटतं, आधी गोबरगॅस घ्यावा. नंतरच्या स्लरीतही तंतू उरतात. ते गाळून सेल्युलोजसाठी, पातळ भाग शेताला. तरीही जमिनीचा थोडा सेंद्रिय कर्ब जाणारच.

म्हणून उद्या कुणी प्लांटची स्कीम घेऊन आलं, तर आधी दोनच प्रश्न विचारा: किलोमागे पाणी किती लागणार? आणि वापरलेलं पाणी कुठं जाणार?