एका पानाचा वाद

‘द दा विंची कोड’ उघडली की गोष्ट सुरू होण्याआधी एक पान लागतं. त्यावर मथळा एकाच शब्दाचा: तथ्य. खाली थोडक्यात सांगितलेलं असतं, की ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना आहे, ओपस देई ही कॅथलिक संस्थाही खरी आहे, आणि पुस्तकातल्या कलाकृती, वास्तू, कागदपत्रं आणि गुप्त विधींची वर्णनं अचूक आहेत. डॅन ब्राऊनच्या या कादंबरीवरून जगभर जे रणकंदन झालं, ते माझ्या मते या एका पानाचं आहे. उरलेली चारेकशे पानं अगदी निरुपद्रवी. लूव्हर संग्रहालयात रात्री खून, हार्वर्डचा एक प्राध्यापक, हुशार फ्रेंच पोलीस अधिकारी बाई, मागावर ओपस देईचा गोरापान खुनी साधू. प्रकरणं दोन-दोन, तीन-तीन पानांची आणि प्रत्येक अशा जागी तोडलेलं की दिवा मालवायचा राहून जातो. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेल्या, मधली काही पानं उलटी शिवलेल्या चोरट्या प्रतीत मी ती वाचली. मजा आली, हे कबूल करायला हरकत नाही. भाषेच्या नावाने शंख आहे, पण रहस्यकथेकडे आपण भाषेसाठी जातो कुठे?

कादंबरी आली २००३ मध्ये आणि काही वर्षांतच तिच्या आठ कोटींच्या आसपास प्रती खपल्या. गोष्टीतलं गुपित आता सगळ्यांना ठाऊक आहे: येशूचं मरिया मग्दालियाशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश फ्रान्समध्ये टिकला, आणि ख्रिस्तसभेने हे शतकानुशतकं दडपलं. श्रद्धाळू कॅथलिक माणसाला हे वाचून काय वाटेल, ते समजायला कॅथलिक असावं लागत नाही. २००५ मध्ये जेनोआचे कार्डिनल बेर्तोने यांनी हे पुस्तक विकत घेऊ नका, वाचू नका, असं जाहीरपणे सांगितलं. तोवर अर्ध्या जगाचं वाचून झालं होतं.

मग लोक कादंबरी हातात धरून पॅरिसला जाऊ लागले. सां-सुल्पिस चर्चमध्ये फरशीतून एक पितळी रेघ जाते. कादंबरीत ती पुरातन मूर्तिपूजक देवळाची खूण ठरते. प्रत्यक्षात ती अठराव्या शतकातल्या खगोलशास्त्रीय यंत्राचा भाग आहे. खिडकीतून आलेला सूर्याचा कवडसा रेघेवर कुठे पडतो, त्यावरून ईस्टरची तारीख ठरवायला मदत होई. वैतागलेल्या चर्चने शेवटी पाटीच लावली: हे मूर्तिपूजकांचं देऊळ नव्हे, आणि खिडक्यांवरची ‘पी’ आणि ‘एस’ ही अक्षरं पीटर आणि सुल्पिस या संतांची आहेत, प्रायरी ऑफ सायनची नव्हेत. त्या सगळ्या गदारोळातला मला सर्वांत आवडलेला निषेध हाच. नाव न घेता, आवाज न चढवता, नेमक्या मुद्द्यावर.

कारण मुद्दा तपासायला घेतला की ते पान भराभर उसवतं. प्रायरी ऑफ सायनची नोंदणी १९५६ सालची. ती केली पिएर प्लांतार नावाच्या एका फ्रेंच माणसाने. त्याला स्वतःला राजवंशाचा वारस म्हणवून घ्यायचं होतं. संघटनेला जुनेपणा यावा म्हणून त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बनावट कागद तयार करून १९६०च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा केले. पुढे कुणी अभ्यासक आला की त्याला ते ‘सापडत’. नायसियाच्या परिषदेत ३२५ साली येशूचं देवत्व मतदानाने, तेही थोडक्या फरकाने ठरलं, असं कादंबरीतला विद्वान सांगतो. तिथे जमलेल्या शेकडो बिशपांपैकी अखेर दोघांनीच सही नाकारली, आणि वाद येशू देव की माणूस असा नव्हताच. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांमध्ये कादंबरी म्हणते तशी शुभवर्तमानं नाहीत. ओपस देईमध्ये साधू नसतात, मग गोरापान असो की काळासावळा.

मग्दालियाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि इथे ब्राऊनच्या हाती काहीतरी खरं लागलं होतं. तिला पश्चात्ताप झालेली वेश्या ठरवणारं वाक्य नव्या करारात कुठेही नाही. पोप ग्रेगरी यांनी ५९१ सालच्या एका प्रवचनात तीन निरनिराळ्या बायका एक करून टाकल्या, आणि पाश्चात्त्य चित्रकारांनी ती चूक पुढे हजारभर वर्षं मोकळ्या केसांनी आणि रडक्या डोळ्यांनी रंगवली. पौर्वात्य चर्चने हा घोळ कधी घातलाच नव्हता. रोमने तो निस्तरला १९६९ मध्ये, पंचांगातल्या प्रार्थना बदलून, फारसा गाजावाजा न करता. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. एका बाईवर अन्याय झाला होता, हे लाखो वाचकांना प्रथम कळलं ते या कादंबरीतून. पण मिळालेल्या वाटीभर सत्यात ब्राऊनने घागरभर पाणी घातलं. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे सापडलेल्या ‘फिलिपच्या शुभवर्तमाना’त येशू तिचं चुंबन घेत असे, असा उल्लेख आहे. कुठे घेत असे, नेमकं त्या जागी हस्तलिखिताला भोक पडलंय. कादंबरीने ते भोक आपल्या सोयीने बुजवलं.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटायला हवा. आपल्याकडे कित्येकांचा कर्ण व्यासांचा नसतो, शिवाजी सावंतांचा असतो, आणि थोरल्या माधवरावांबद्दल बोलता बोलता लोक रणजित देसाईंची ‘स्वामी’ बोलू लागतात. आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’वरून वारकरी संतापले आणि २००९च्या महाबळेश्वर संमेलनाचं अध्यक्षपद यादवांना सोडावं लागलं. कादंबरी कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो, ही सीमा आपल्याकडे नेहमीच पुसट. फरक एवढाच, की ब्राऊनने ती पुसली आणि वर शिक्काही मारला. खपताना ते तथ्य, टीका झाली की ती कादंबरी. दोन्ही दारं उघडी ठेवायची ही चलाखी मला गोष्टीतल्या लग्नापेक्षा जास्त खुपते.

सिनेमा आला १९ मे २००६ ला. रॉन हॉवर्डचं दिग्दर्शन, टॉम हँक्स, ऑड्री तोतू. चित्रीकरणाला वेस्टमिन्स्टर ॲबीने नकार दिला, लिंकन कॅथीड्रलने एक लाख पौंडांची देणगी घेऊन परवानगी दिली. व्हॅटिकनमधल्या एका आर्चबिशपांनी बहिष्काराची हाक दिली. सिनेमा कंटाळवाणा झाला होता आणि समीक्षकांनी तसं सांगितलंही. तरी त्याने जगभरात ७५ कोटी डॉलरहून अधिक कमावले.

आपल्याकडे ठरल्या दिवशी तो लागलाच नाही. मुंबईत काही कॅथलिकांनी उपोषण मांडलं, एका माजी नगरसेवकाने ब्राऊनच्या डोक्यावर इनामही लावलं. दिल्लीत माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी चर्चच्या प्रतिनिधींसोबत बसून सिनेमा पाहिला. उपोषणवाल्यांचा राग मला पटत नाही, पण त्यांचा हिशेब कळतो. या देशात १९८८ मध्ये ‘सटॅनिक व्हर्सेस’ची आयात रोखली गेली. मोठ्या आवाजाने मागितलं की मिळतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. सव्वादोन टक्क्यांच्या समाजाने एकदा आवाज चढवून पाहिला, इतकंच.

मग सेन्सॉर बोर्डाने एकही दृश्य न कापता ‘ए’ प्रमाणपत्र दिलं आणि अट घातली: हे सगळं काल्पनिक आहे असं पडद्यावर स्पष्ट लिहा. गंमत पाहा, सिनेमात ‘तथ्य’वालं पान नव्हतंच. ते होतं पुस्तकात, आणि पुस्तक मुंबईच्या सिग्नलवर बिनबोभाट विकलं जात होतं. रोग एकाला, औषध दुसऱ्याला. तेवढ्यानेही काही राज्यांचं समाधान झालं नाही. पंजाब, नागालँड, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि गोव्याने बंदी घातली. हो, तोच गोवा, ज्याने दोनच वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याकडे आणला होता. आंध्रची बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने जूनमध्ये उडवली, तमिळनाडूची मद्रास उच्च न्यायालयाने जुलैमध्ये.

त्याच वर्षी लंडनमध्येही एक निकाल लागला, आणि तो जास्त मजेदार आहे. येशूच्या वंशाची ही कल्पना मांडणारं ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ १९८२ सालचं. त्याच्या तीन लेखकांपैकी बेजंट आणि ली हे दोघे ब्राऊनच्या प्रकाशकांविरुद्ध कोर्टात गेले. आमचा ऐवज चोरला, म्हणाले. ब्राऊनने ऋण लपवलं नव्हतं. त्याच्या खलनायकाचं नाव ली टीबिंग, आणि टीबिंग म्हणजे बेजंट या नावाचीच इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली. दोघांची अडचण अशी, की आपलं पुस्तक इतिहास आहे असा त्यांचा दावा, आणि इतिहासातल्या गोष्टींवर कुणाची मालकी नसते. कल्पित म्हटलं असतं तर कदाचित बाजू जरा बळकट झाली असती, पण मग पुस्तकच निकालात निघालं असतं. हरले. न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी निकालपत्रातल्या काही अक्षरांचा टाइप तिरपा करून स्वतःचंही एक कोडं त्यात दडवलं. न्यायाधीशाला हे शोभतं का, हा प्रश्न वेगळा.

व्हॅटिकनच्या बाजूनेही पुढे सूर बदलला. २००९ मध्ये हॉवर्ड-हँक्स जोडीचा, ब्राऊनच्याच आणखी एका कादंबरीवरचा ‘एंजल्स अँड डीमन्स’ आला. रोमच्या चर्चमध्ये चित्रीकरण करू दिलं नाही, पण व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने सिनेमाला निरुपद्रवी करमणूक म्हटलं. आधीच्या सिनेमापेक्षा त्याची कमाई बरीच कमी झाली.

त्या कादंबरीच्या सुरुवातीलाही ‘तथ्य’ नावाचं पान आहेच. त्यात जिनिव्हाच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेचं नाव घेऊन प्रतिद्रव्याच्या प्रचंड शक्तीचं वर्णन केलंय. गोष्टीत चोरीला गेलेल्या पाव ग्रॅमने व्हॅटिकन उडणार असतं. सर्नने ना खटला भरला, ना माफी मागायला लावली. प्रश्नोत्तरं लिहून काढली आणि लोकांसाठी ठेवून दिली. त्यात हिशेब दिलाय: आजवर तिथे तयार झालेलं सगळं प्रतिद्रव्य एकत्र करून त्याची ऊर्जा काढली, तर विजेचा एक दिवा जेमतेम काही मिनिटं जळेल.